‘चार्ज’चं वझं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अडवणारा एखादा इंग्रजी शब्द कळवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच शब्दाभोवती फिरतात : ‘चार्ज’. बँकेच्या पत्रात तो आहे, वीजबिलात आहे, कोर्टाच्या बातमीत आहे, फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडी आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

मी नववीला इंग्रजी शिकवते. शब्दकोशात ‘चार्ज’चे वीसहून जास्त अर्थ आहेत. मुलं पाठ करतात आणि परीक्षेत भलताच अर्थ लिहितात. हे शिकवायचं कसं?
(शिक्षिका, पाचोरा)

यादी बाजूला ठेवा आणि आधी फळ्यावर एक गाडी काढा. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये ‘कारिकारे’ हे क्रियापद तयार झालं : गाडी भरणं, गाडीवर ओझं चढवणं. तेच जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकात इंग्रजीत आलं आणि ‘चार्ज’ झालं. कार, कॅरी, कार्गो ही त्याचीच भावंडं. ‘कॅरिकेचर’सुद्धा त्याच घरातलं. इटालियनमध्ये त्याचा अर्थ वाजवीपेक्षा जास्त भरणं, म्हणून नाक-कान फुगवून काढलेल्या चित्राला ते नाव मिळालं.

तुमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी कापसाची गाडी भरताना पाहिलेली असते. खालचे गाठोडी वर फेकतात, एक जण वर उभा राहून कापूस तुडवत जातो, गाडीच्या कडांबाहेर कापूस फुगून येतो. यात तीन गोष्टी आहेत : गाडी, वझं आणि वझं चढवणारा. ‘चार्ज’ असलेल्या प्रत्येक वाक्याला हे तीनच प्रश्न विचारायला लावा. कशावर चढवलं? काय चढवलं? कोणी चढवलं?

बंदुकीच्या नळीत ठासलेली दारू हे वझं असेल, तर तो बारुदाचा चार्ज. माणसाच्या खांद्यावर काम चढवलं तर कार्यभार. त्याच माणसाच्या नावावर गुन्हा चढवला तर आरोप. गिऱ्हाइकावर रक्कम चढवली तर आकार. जमिनीवर कर्ज चढवलं तर बोजा. ‘चाल करून जाणं’ हा अर्थ मुलांना जरा लांबचा वाटतो. घोडा, स्वार आणि रोखलेला भाला यांचं सगळं वजन समोरच्यावर लोटणं, असं सांगितलं की तोही बसतो.

मराठीनं हीच वाट स्वतःहून धरलेली आहे, हे मुलांना जरूर दाखवा. ‘आरोप’ म्हणजे मुळात वर ठेवणं, चढवणं. ‘वृक्षारोपण’मधलं आरोपण तेच. ‘पदभार’, ‘विद्युतभार’, ‘अधिभार’ यांत तर भार उघडच बसलेला आहे. मराठीत शब्द वेगवेगळे दिसतात, पण त्यांच्या पोटात ओझंच आहे, हे कळलं की मुलाला इंग्रजीतला अर्थ ओळखता येतो.

एका तासात दहा वाक्यं पुरे. प्रत्येक वाक्यापुढे तीन रकाने आखा आणि अर्थ शेवटी लिहायला सांगा. सर्वांत मोठी चूक होते ती ‘चार्ज = आकारणे’ असं एकास एक लिहून दिल्यामुळे. मग ‘द बुल चार्ज्ड ॲट हिम’ याचं भाषांतर ‘बैलाने त्याच्याकडून पैसे आकारले’ असं येतं. त्यात दोष मुलाचा नसतो, यादीचा असतो.

केळीसाठी घेतलेलं पीक कर्ज व्याजासह फेडलं. बँकेचं इंग्रजी पत्र आलं, त्यात माझ्या गटावर ‘चार्ज’ होता आणि तो ‘सॅटिस्फाइड’ झाला असं लिहिलं आहे. माझ्यावर काही गुन्हा होता का? आणि सातबाऱ्यावर बँकेचं नाव अजून का दिसतं?
(शेतकरी, रावेर तालुका)

गुन्हा वगैरे काही नाही, निर्धास्त राहा. इथला चार्ज म्हणजे आपला बोजा. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०० मध्ये तो सांगितला आहे. एखाद्या देण्यासाठी जमीन तारण म्हणून बांधली जाते, पण गहाणात जसा जमिनीतला हक्काचा काही भाग सावकाराकडे जातो तसा बोजात जात नाही. ‘सॅटिस्फाइड’ म्हणजे इथे समाधान नव्हे, देणं पुरतं फिटलं. काही पत्रांत ‘रिलीज’ किंवा ‘व्हेकेट’ असंही लिहितात, अर्थ तोच : गाडीवरचं वझं उतरलं.

बँकेनं पत्र दिलं म्हणून सातबारा आपोआप कोरा होत नाही. बँकेच्या वहीतलं वझं वेगळं आणि गावदफ्तरातलं वेगळं. दुसरं तुम्हालाच उतरवून घ्यावं लागतं. त्याचा क्रम असा.

बँकेकडून दोन कागद घ्या : बेबाकी दाखला (देणं पुरतं फिटल्याचा) आणि बोजा कमी करण्याबद्दल ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या (पूर्वीचे तलाठी) नावे पत्र. पत्रात गावाचं नाव, गट क्रमांक आणि उपविभाग, खातेदाराचं सातबाऱ्यावर आहे अगदी तसं नाव, कर्जाची रक्कम आणि बोजा चढवतानाचा फेरफार क्रमांक असायला हवा. हा फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात नोंदीजवळ कंसात छापलेला असतो. अर्ज कार्यालयात देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीवर ‘बोजा कमी करणे’ हा प्रकार निवडून भरता येतो. त्यावर गाव नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, आणि मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केल्यावर ‘इतर हक्क’मधली नोंद कमी होते. त्यानंतर पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि तो रकाना डोळ्यांनी पाहा. ‘झालं’ असं कोणी सांगितलं म्हणून थांबू नका.

काम अडतं ते बहुधा चार ठिकाणी. पत्रात गट बरोबर असतो, पण पोटहिस्सा राहतो. बँकेत नाव एका तऱ्हेनं आणि सातबाऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेनं असतं. एकाच गटावर विकास सोसायटीचा आणि बँकेचा असे दोन बोजे असतात आणि कमी एकच झालेला असतो. चौथी अडचण जास्त वेळ खाते : कर्जासाठी नोंदणीकृत गहाणखत केलेलं असेल तर नुसतं पत्र पुरत नाही, दुय्यम निबंधकाकडे गहाण सोडवल्याचा दस्तही नोंदवावा लागतो. बेबाकी दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी बँकेत हे विचारून घ्या.

आमचा आग्रह एवढाच की शेतकऱ्याला जाणाऱ्या पत्रात बँकांनी ‘बोजा’ हा शब्द लिहावा. तो गावागावात समजतो.

वीजबिलावर प्रत्येक ओळीत ‘आकार’ का लिहितात? घर चार महिने बंद होतं, तरी आकार लागलाच.
(वाचक, अमळनेर)

हा ‘आकारणे’मधला आकार. शेतसाऱ्याची आकारणी म्हणतो तोच. इंग्रजी बिलातल्या ‘चार्ज’साठी तो घेतला आहे आणि चांगला घेतला आहे.

‘स्थिर आकार’ हा जोडणी ठेवल्याचा. तुमच्यासाठी तारा, रोहित्र आणि मंजूर भार राखून ठेवलेला असतो, म्हणून एक युनिटही न जाळता तो लागतो. घर बंद असताना आलेलं बिल मुख्यतः याचंच. ‘वीज आकार’ जळालेल्या युनिटांचा, आणि तो टप्प्याटप्प्यानं चढतो. ‘वहन आकार’ वीज तारांवरून घरापर्यंत आणल्याचा, तोही युनिटांवर. ‘इंधन समायोजन आकार’ वीज तयार करण्याच्या आणि खरेदीच्या खर्चातला चढउतार भरून काढतो, म्हणून तो महिन्यामहिन्याला बदलतो. ‘वीज शुल्क’ मात्र चार्ज नव्हे. तो सरकारचा कर आहे, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. इंग्रजीत तिथे ‘ड्यूटी’ असतं. आकार वीज कंपनीकडे जातो, शुल्क सरकारच्या तिजोरीत.

बिल तपासताना आधी मागचं आणि चालू रीडिंग यांची वजाबाकी करा. वाचन अंदाजे धरलं असेल तर वीज आकार आणि वहन आकार दोन्ही चुकतात, आणि त्यामागोमाग शुल्कही.

बातमीत एकदा ‘आरोपपत्र दाखल’ येतं आणि वर्षभरानं ‘आरोप निश्चित’ येतं. दोन्हीकडे इंग्रजीत ‘चार्ज’ आहे. फरक काय? आणि ‘डिस्चार्ज’ म्हणजे निर्दोष सुटला का?
(विद्यार्थी, धुळे)

वझं कोण चढवतो, हे पाहिलं की फरक कळतो. ‘चार्जशीट’ पोलीस देतात. तपास पुरा झाल्यावर जमा केलेला पुरावा, साक्षीदारांची यादी आणि जबाब असा तो अहवाल असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली तो सादर होतो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७३). आरोपी कोठडीत असेल तर मुदतीला महत्त्व येतं. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, बाकीच्यांत ६० दिवस. त्या मुदतीत आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो.

‘चार्ज फ्रेम करणं’ हे न्यायालयाचं काम. न्यायाधीश कागद वाचतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि कोणत्या कलमाखाली नेमकं कोणतं कृत्य, कोणत्या तारखेला, कुठं केल्याचा आरोप आहे हे लिहून आरोपीला वाचून दाखवतात. ‘गुन्हा कबूल आहे का?’ हा प्रश्न त्यानंतर येतो. पोलिसांनी पाच कलमं लावली आणि न्यायालयानं तीनच ठेवली, असं होऊ शकतं. म्हणून ‘आरोपपत्र दाखल’ झालं तरी खटला चालायचाच आहे, हे वाचकानं ध्यानात ठेवावं.

‘डिस्चार्ज’ या टप्प्याच्या अलीकडचा आहे. आरोप ठेवण्याइतकंही कागदात काही नाही असं न्यायालयाला वाटलं, तर वझं चढायच्या आधीच माणूस मोकळा होतो. निर्दोष सुटणं म्हणजे ‘ॲक्विटल’. ते साक्षीपुरावे तपासून झाल्यावर, निकालात होतं. मराठी बातमीत पहिल्यासाठी ‘आरोपमुक्त’ आणि दुसऱ्यासाठी ‘निर्दोष मुक्तता’ लिहावं. दोन्हीला सरसकट ‘सुटका’ लिहिलं की कायदा जाणणाऱ्याचीही फसगत होते.

स्पर्धा परीक्षेत ‘चार्ज’पुढे कोणतं शब्दयोगी येतं यावर प्रश्न असतात. ‘चार्ज्ड ऑफ थेफ्ट’ चूक का?
(शिरपूर)

क्रियापद असेल तर गुन्ह्याआधी ‘विथ’ लागतं : ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट’. ‘ऑफ’ लागतं ते ‘अक्यूज्ड’ला. तिथूनच ते चुकून इकडे येतं. नाम असेल तर मात्र ‘ऑफ’ बरोबर : ‘ऑन अ चार्ज ऑफ थेफ्ट’. नाम की क्रियापद, एवढं पाहिलं की अर्धे गुण हातात आले.

‘विथ’पुढे गुन्हा नसून काम असेल, तर अर्थ जबाबदारी सोपवण्याचा होतो : ‘शी वॉज चार्ज्ड विथ ट्रेनिंग द स्टाफ’. पैशांसाठी ‘फॉर’, खात्यावर नावे टाकायला ‘टू’, अंगावर धावून जायला ‘ॲट’. सातपुड्यात अस्वल अंगावर आल्याची इंग्रजी बातमी असेल तर तिथे ‘चार्ज्ड ॲट’ हवं, आणि मराठीत ‘चाल केली’ किंवा सरळ ‘अंगावर धावून आलं’. ‘लाठीचार्ज’मध्येही हाच अर्थ आहे. त्याला ‘लाठीमार’ हा सुटसुटीत मराठी शब्द असताना तो टाळायचं कारण दिसत नाही.

परीक्षकांचा आवडता सापळा वेगळाच आहे. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ याचाही अर्थ तोच, पण कर्ता उलटला. मधला ‘द’ नसेल तर कर्ता सांभाळणारा. ‘द’ असेल तर कर्ता सांभाळला जाणारा. त्या एका अक्षरावर दोन गुण जातात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘प्रभारी मुख्याध्यापक’ आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ यात फरक आहे का? चार्ज घेताना काय पाहावं?
(शिक्षक, साक्री)

आहे. पद रिकामं असताना किंवा मूळ माणूस नसताना ते पद तात्पुरतं सांभाळणारा तो प्रभारी. स्वतःचं पद सांभाळून दुसऱ्या पदाचंही काम पाहावं लागलं, तर तो अतिरिक्त कार्यभार. एकाच माणसाकडे दोन्ही असू शकतं, म्हणून घोळ होतो.

चार्ज घेताना सहीआधी चार गोष्टी प्रत्यक्ष मोजा : रोकडवहीतली शिल्लक आणि पेटीतली रक्कम, बँक पासबुक आणि शिल्लक कोरे चेक (क्रमांकांसह), जड वस्तू नोंदवहीतल्या वस्तू, आणि सेवापुस्तकं. शालेय पोषण आहाराचा तांदूळ असेल तर तो वजन करूनच घ्या, पोती मोजून नको. यादीवर तारखेबरोबर मध्यान्हपूर्व की मध्यान्हानंतर हेही लिहा, कारण त्या दिवशीचा व्यवहार कोणाच्या खांद्यावर, हे त्यावर ठरतं. एखादी वस्तू सापडत नसेल तर ‘आढळली नाही’ असं त्या ओळीपुढेच लिहा. वेगळ्या कागदावर लिहिलेला शेरा यादीपासून सुटतो आणि वझं नव्या माणसावर येतं.

इन्व्हर्टरवर ‘फुल चार्ज’ दिसतं, पण वीज गेली की अर्ध्या तासात घर अंधारात. मेकॅनिक म्हणतो बॅटरी चार्ज धरत नाही. पाठ्यपुस्तकात चार्ज म्हणजे विद्युतभार. मग बॅटरीत भरतं तरी काय?
(वाचक, चोपडा)

पाठ्यपुस्तकाचा शब्द बरोबर आहे. विजेसाठी ‘चार्ज’ अठराव्या शतकात रुळला, काचेच्या बरणीत वीज साठवण्याचे प्रयोग चालू होते तेव्हा. बंदूक भरतात तशी बरणी भरते, अशी ती कल्पना. शब्द टिकला, पण बॅटरीच्या बाबतीत त्यानं एक गैरसमज मागे ठेवला. बॅटरी विद्युतभारानं भरत नाही. चार्जिंगच्या वेळी एका टोकानं जेवढा भार आत जातो तेवढाच दुसऱ्या टोकानं बाहेर पडतो. आत बदलतं ते शिशाच्या पट्ट्यांवरचं रसायन, आणि साठते ती ऊर्जा.

तरीही बॅटरीवर लिहिलेला ‘एएच’ हा आकडा विद्युतभाराचाच आहे. एक अँपिअर-तास म्हणजे ३,६०० कूलोम. १५० एएचच्या बॅटरीतून ५,४०,००० कूलोम भार फिरू शकतो. १५० अँपिअर-तासांना १२ व्होल्टनं गुणलं की १,८०० वॅट-तास मिळतात. ३०० वॅटचे पंखे-दिवे असतील तर कागदावर सहा तास, आणि इन्व्हर्टरमधली घट, बॅटरीचं वय धरून चार-साडेचार तास. तुमच्याकडे अर्धा तास मिळतो, म्हणजे पट्ट्यांचा मोठा भाग कामातून गेला आहे.

तो का गेला, हे घरीच तपासता येतं. पूर्ण चार्जनंतर इन्व्हर्टर बंद करून, तारा सोडवून बॅटरी चार-पाच तास तशीच ठेवा आणि मग मल्टिमीटर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जिंग चालू असताना मोजू नका. तेव्हा १४ च्या आसपास आकडा येतो आणि तो चार्जरचा असतो. तुमचा ‘फुल’ दिवा बहुधा त्याच आकड्यावर लागतो. नंतर हायड्रोमीटरनं सहाही खणांमधल्या द्रवाची घनता पाहा. पाच खण सारखे आणि एक बराच खाली असेल तर दोष त्या खणात आहे. सगळेच खाली असतील तर पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसलं आहे. बॅटरी रिकामी करून आठवडे तशीच ठेवली, किंवा पाणी पट्ट्यांच्या खाली गेलं, की असं होतं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पाणी झपाट्यानं उडतं, म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पातळी पाहा. फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार पट्ट्या खातात. ॲसिड घालून घनता वाढवायचा सल्ला मानू नका, उडालेलं असतं ते पाणी. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा ठेवा, १५० एएचला १५ अँपिअर. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवायची नाही, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो.

एक गोष्ट शब्दाबद्दलही. ‘विद्युतभार’मधला भार म्हणजे चार्ज, आणि ‘भारनियमन’मधला भार म्हणजे लोड. इंग्रजीत दोन शब्द, मराठीत एकच. ‘इन्व्हर्टरवर भार किती?’ असं विचारलं तर तो लोडचा प्रश्न, वॅटमध्ये. ‘बॅटरीचा भार किती?’ हा चार्जचा, अँपिअर-तासांत. एकक पाहिलं की चूक होत नाही.

फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात गॅस चार्ज करावा लागतो. गॅस संपतो कसा?
(नंदुरबार)

संपत नाही, गळतो. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो, जळत नाही. इथे चार्ज म्हणजे कंपनीनं ठरवलेलं, हरभऱ्यासारखं तोलून भरलेलं वजन. घरगुती फ्रिजमध्ये ते साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास असतं, आर-६००ए गॅस असेल तर त्याहूनही कमी. नेमका आकडा मागच्या पट्टीवर छापलेला असतो. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

बरोबर क्रम असा : साबणाच्या फेसानं किंवा डिटेक्टरनं सांधे तपासायचे, गळती जोडायची, व्हॅक्यूम पंपानं नळ्यांतली हवा आणि दमटपणा काढायचा, मग काट्यावर तोलून गॅस भरायचा. पंप न लावता भरला तर आत राहिलेली ओल केशनळीत गोठते आणि फ्रिज थांबून थांबून थंड होतो. जास्त भरला तर कॉम्प्रेसर तापतो आणि वीज जास्त खातो. कारागिराजवळ वजनकाटा आहे का, हे आधी पाहा. आणि आर-६००ए पेट घेणारा गॅस आहे, तो भरताना स्वयंपाकघरात शेगडी बंद हवी.

रेल्वेच्या जाहिरातीत ‘अमुक तारखेपासून ओएचई चार्ज केली जाईल’ असं येतं. म्हणजे काय?
(भुसावळ)

रुळांवरच्या ओव्हरहेड तारेत २५,००० व्होल्टची वीज सोडली जाईल. त्या तारखेपासून ती तार कायम जिवंत धरायची, गाडी असो वा नसो. तारेला हात लागावाच लागतो असंही नाही. फार जवळ गेलं तरी वीज उडी मारते, म्हणून दोन मीटरचं अंतर पाळायचा नियम आहे. केळीचा उंच भरलेला ट्रक फाटकातून नेताना उंचीची आडवी पट्टी टाळू नका, आणि पुलावरून ओला बांबू किंवा लोखंडी पाइप खाली लोंबू देऊ नका. या जाहिरातीत ‘चार्ज’ऐवजी ‘तारेत वीज सोडली जाईल’ एवढंच छापलं तर ते गुराख्यालाही कळेल.

पावसाळ्यात ‘हतनूरमधून इतका क्युसेक डिस्चार्ज’ असं वाचतो. हाही तोच शब्द का?
(यावल)

तोच, उलट्या दिशेनं. ‘डिस’ लागला की वझं उतरलं. दवाखान्यातून घरी सोडणं, बॅटरी उतरणं, देणं फिटणं आणि धरणाचं पाणी सोडणं, सगळीकडे डिस्चार्जच. पाण्यासाठी मराठीत ‘विसर्ग’ आहे, आणि तो शब्द नेमका आहे. विसर्ग म्हणजे सोडून देणं. व्याकरणातल्या दोन टिंबांनाही ते नाव त्याच कारणानं आहे, तिथे श्वास सोडला जातो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. एक क्युसेक चोवीस तास वाहिला तर साधारण साडेचोवीस लाख लिटर पाणी जातं. क्युमेक हा शब्द दिसला तर तो सेकंदाला एक घनमीटर : १,००० लिटर, म्हणजे ३५.३ क्युसेक. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. वरच्या बाजूला तापी आणि पूर्णा चांगदेवजवळ एकत्र येतात, त्यामुळे दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत पाऊस झाला की विसर्ग काही तासांत वाढतो. बातमीत नुसता दरवाज्यांचा आकडा असेल तर दरवाजे किती मीटर उघडले तेही शोधा. सगळे दरवाजे अर्धा मीटर उघडणं आणि पूर्ण उघडणं, यात नदीकाठच्या पिकांना पडणारा फरक फार मोठा असतो.